मुलुंड : पुनर्विकास आणि स्थानिक संस्कृती

मुलुंड हे मुंबईच्या ईशान्य टोकाला, ठाण्याला लागून असलेले उपनगर. पर्यटनस्थळ म्हणून मुलुंडची ओळख नाही. येथील सांस्कृतिक बदलामागे पर्यटन नाही, तर जागेचे चढते भाव आणि जुन्या इमारतींचा पुनर्विकास आहे.

मुलुंडची स्थानिक संस्कृती एका समाजाची कधीच नव्हती. डोंगरपायथ्याला आदिवासी पाडे, खाडीकडे मिठागरे, गव्हाणपाड्यासारखी जुनी गाववस्ती हा पहिला थर. १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी आखलेल्या पश्चिमेच्या सरळ रस्त्यांवर गुजराती-कच्छी व्यापारी कुटुंबे वसली. १९५७ मध्ये मुलुंड बृहन्मुंबईत आले. गिरगाव-दादरच्या चाळींत जागा पुरेनाशी झालेली मराठी कुटुंबे इकडे, विशेषतः पूर्वेला, येत राहिली. नाट्यवेडा प्रेक्षक, वाचनालये, गणेशोत्सव मंडळे यांचे मुलुंड त्यांनी उभे केले. कालिदास नाट्यमंदिर हे त्याचे ठळक केंद्र.

सोसायटीच्या पुनर्विकासासाठी लागणारी सभासदांची संमती २०१९ मध्ये ५१ टक्क्यांवर आणली गेली. तीन-चार मजली इमारतीच्या जागी टॉवर येतो, तेव्हा मूळ सभासदाला घर मिळते. भाडेकरूला मात्र काहीच मिळत नाही. सभासदालाही वाढलेला मासिक देखभाल खर्च पेन्शनमधून भागवणे जड जाते. घर विकून मंडळी डोंबिवली-बदलापूरला जातात. मंडळाची वर्गणी गोळा करणारे हात, शेजारच्या मराठी शाळेतली मुले त्यांच्याबरोबर जातात. खरा तोटा हा आहे, आणि तो कोणत्याही करारनाम्यात मोजला जात नाही.

त्यात भेदभावाची भर पडते. एका समाजापुरते सभासदत्व ठेवणाऱ्या सोसायटीच्या उपविधींना सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, मान्यता दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेत एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचे प्रकरण राज्यभर गाजले. जून २०२४ मध्ये आमदार अनिल परब यांनी नव्या इमारतींत मराठी माणसासाठी ५० टक्के घरे राखण्याचे अशासकीय विधेयक विधान परिषदेकडे दिले. अशीच मागणी करणाऱ्या विलेपार्ल्याच्या ‘पार्ले पंचम’ या संस्थेने लहान घरांचाही आग्रह धरला आणि तो अधिक मुद्द्याचा आहे. लहान घराची किंमत आणि देखभाल खर्च दोन्ही आवाक्यात येऊ शकतात. मोठा फ्लॅट राखीव ठेवला तरी तो घेणार कोण, हा प्रश्न उरतोच.