परदेशस्थ रायगडकर : औषधोपचार-खर्चाची तुलना

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे 1 जानेवारी 1981 पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, समुद्रपट्टीवरील अलिबाग, मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन या तालुक्यांतून पोटापाण्यासाठी परमुलखी गेलेल्या माणसाला आजारपणात तेथे सोसावा लागणारा खर्च आणि तोच आजार गावी उद्भवला असता तर आला असता तो खर्च, यांची परस्परांशी घातलेली रुजवात, हा या नोंदीचा विषय होय. ही रुजवात बहुधा बिलाच्या रकमेला चलनाच्या दराने गुणून घातली जाते आणि म्हणूनच ती बहुधा चुकते. कारण आजाराचा भार ठरविताना पैसे कोणाच्या पदरचे गेले, किती दिवसांच्या मजुरीचे गेले आणि ज्या हमीवर माणूस विसंबला होता ती हमी किती काळ टिकली, हे तीन प्रश्न रकमेच्या आधी विचारावे लागतात.

या किनाऱ्याचे देशांतर जुने आहे. हबसाण, म्हणजे जंजिरा संस्थानाचा मुलूख, व त्याच्या आसपासच्या खाड्यांकाठचे कोकणी मुसलमान तांडेलकी, खलाशीपणा व व्यापार यांच्या निमित्ताने आफ्रिकेच्या आणि आखाताच्या बंदरांत पोचले. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून उतरले अशी परंपरा सांगणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्राएलमध्ये जाऊन वसले. आणि खनिज तेलाच्या उत्पन्नाने आखातात बांधकामे सुरू झाल्यावर म्हसळा-श्रीवर्धनकडील घराघरांतून एकेक हात तिकडे गेला. आखाताशी असलेल्या या संबंधाचा आरंभकाळ हिशेबाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे, कारण कुवेतपासून मस्कतपर्यंतच्या बाजारांत तेव्हा हिंदुस्थानचाच रुपया चालत असे. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये त्या प्रदेशासाठी स्वतंत्र ‘आखाती रुपया’ काढला, कुवेतने 1961 मध्ये स्वतःचा दिनार सुरू केला आणि जून 1966 मधील अवमूल्यनानंतर दुबईसारख्या इतर अमिरातींनीही रुपयाची साथ सोडली. तोपर्यंत दुबईतील वैद्याची फी आणि मुरूडमधील वैद्याची फी यांची तुलना कोणालाही बोटांवर करता येत होती. चलनाच्या भाषांतराची अडचण, आणि तिच्याबरोबर येणारा दृष्टिभ्रम, त्यानंतरचा आहे.

हा दृष्टिभ्रम उदाहरणाने स्पष्ट करणे इष्ट. समजा, महिना 1,000 दिरहम मिळविणाऱ्या मजुराकडून दुबईतील खाजगी दवाखान्याने तपासणीचे 100 दिरहम घेतले. गावी पत्र किंवा फोन गेला की घरचे त्याचे रुपये करतात, ते दोन हजारांच्या वर भरतात आणि घरात हळहळ व्यक्त होते. समजा, त्याच वेळी महिना 15,000 रुपये मिळविणाऱ्या त्याच्या भावाने अलिबागेत 500 रुपये फी दिली. रुपयांत पाहता पहिली फी दुसरीच्या चौपटीहून अधिक. परंतु दिवसांच्या मजुरीत पाहता पहिल्याचे तीन दिवस गेले आणि दुसऱ्याचा एक, म्हणजे अंतर तिपटीचे. उलट, नियोक्त्याने उतरविलेल्या विम्यातून तीच तपासणी झाली, तर त्याच मजुराला फीचा फार तर चौथा हिस्सा, म्हणजे पाऊण दिवसाची कमाई, द्यावी लागेल आणि मग महाग ठरेल ते अलिबाग. अर्थशास्त्रज्ञ दोन देशांच्या किमती ताडताना क्रयशक्तीची समता विचारात घेतात. सामान्य कुटुंबाला मजुरीचे दिवस मोजण्याची पद्धत अधिक सोपी आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, अधिक न्याय्य आहे.

आखाती देशांतील व्यवस्थेचे सविस्तर विवेचन येथे आवश्यक आहे, कारण या किनाऱ्यावरील बहुसंख्य कुटुंबांचा प्रश्न तेथलाच आहे. सौदी अरेबियाने 1999 मध्ये केलेल्या सहकारी आरोग्यविम्याच्या कायद्याने खाजगी क्षेत्रातील परदेशी नोकराचा विमा उतरविण्याचे दायित्व नियोक्त्यावर टाकले. दुबईने 2013 च्या 11 क्रमांकाच्या कायद्याने हेच केले आणि अल्प वेतनाच्या कामगारांसाठी जी मूळ विमायोजना आखली तिची वार्षिक मर्यादा 1,50,000 दिरहम ठेवली; अबू धाबीचा कायदा त्याहून जुना, 2005 चा. शारजा, अजमान आदी उत्तरेकडील अमिरातींत मात्र अशी सक्ती 1 जानेवारी 2025 पासून आली. तेथील किमान योजनेचा हप्ता वर्षाला 320 दिरहम असून रुग्णालयात दाखल होणाऱ्याने खर्चाचा 20 टक्के हिस्सा, एका वेळी 500 दिरहमपर्यंत, स्वतः भरावयाचा असतो. म्हणजे एकाच देशात, तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या दोन गाववाल्यांपैकी एकाला 2024 साली विम्याचे छत्र होते आणि दुसऱ्याला ते असेलच असे नव्हते. ‘दुबईला आहे’ एवढ्या गावच्या शब्दाखाली हा भेद झाकला जातो. कुवेतची रीत निराळी. तेथे 1999 च्या कायद्यान्वये परदेशी रहिवाशाने निवासपरवान्याबरोबर विम्याचा शुल्करूप हप्ता, दीर्घकाळ वर्षाला 50 दिनार, सरकारजमा करून सरकारी दवाखान्यांचा लाभ घ्यावयाचा असे. त्या दवाखान्यांतील औषधांसाठी डिसेंबर 2022 पासून परदेशीयांवर प्राथमिक केंद्रात 5 आणि तज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात 10 दिनारांचा आकार लागू झाला. कुवेतचा दिनार जगातील अत्यंत महाग चलनांपैकी एक आहे हे ध्यानी घेतले म्हणजे मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या गावाहून सुट्टीच्या बॅगेत भरून नेण्याची वहिवाट का पडली ते कळते.

नियोक्त्याचा विमा नोकराचा असतो. बायकामुलांना तेथे नेणाऱ्याला दुबईसारख्या ठिकाणी त्यांचा विमा स्वतःच्या खर्चाने उतरवावा लागतो. घर गावी आणि कमावता एकटा परमुलखी, ही रायगडच्या किनाऱ्यावर रूढ झालेली कुटुंबरचना केवळ घरभाड्यामुळे व शाळेच्या फीमुळे घडली असे मानणे अपुरे आहे. बाळंतपण आणि म्हाताऱ्यांचे आजार यांचा खर्च हेही तिचे कारण आहे, आणि या एकट्या राहण्याचा जो खर्च मनावर पडतो तो कोणत्याही बिलात येत नाही.

देश सोडण्यापूर्वीही खर्च असतोच. आखाती देशांच्या व्हिसासाठी छातीच्या क्ष-किरण चित्रासह जी वैद्यकीय तपासणी मान्यताप्राप्त केंद्रात करून घ्यावी लागते, ती क्षयाचा जुना डागदेखील दाखविते आणि कर्ज काढून तयारी केलेल्या उमेदवाराची रवानगी रद्द होते. ज्यांच्या पारपत्रावर परदेशगमन-परवानगीची अट असते अशा कामगारांसाठी भारत सरकारने 2003 मध्ये प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची केली. तिचा हप्ता दोन वर्षांस 275 व तीन वर्षांस 375 रुपये इतका अल्प असून अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपयांची तरतूद आहे. मात्र आजारपणातील उपचारांची मर्यादा 1 लाख रुपये, म्हणजे दिरहमच्या हिशेबात चार हजारांच्या आसपास, एवढीच आहे आणि अतिदक्षता विभागातील थोड्या दिवसांतच ती संपते. अशा वेळी भारतीय वकिलातींकडे 2009 पासून असलेल्या समाजकल्याण निधीतून गरजू व्यक्तीला तातडीचे उपचार किंवा पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च मिळू शकतो. त्यासाठी अर्ज करता येतो हेच कित्येक घरांना ठाऊक नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

आता तुलनेची दुसरी बाजू, म्हणजे गाव. भारतात औषध स्वस्त का, याचे मूळ 1970 च्या पेटंट कायद्यात आहे. त्याने औषधाच्या मालाला नव्हे तर केवळ प्रक्रियेला संरक्षण दिले आणि 2005 पर्यंत चाललेल्या त्या व्यवस्थेत देशी कारखाने उभे राहिले. हृदयरोहिणीत बसवावयाच्या, औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी 2017 मध्ये 29,600 रुपयांवर बांधली गेली. त्याआधी ती लाखाच्या वर असे. महाराष्ट्र शासनाची जीवनदायी योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. तीच 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते आणि तिची कुटुंबामागे दीड लाखाची वार्षिक मर्यादा पुढे पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आली. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. एवढे वाचून गावचा उपचार जवळजवळ फुकट आहे असे वाटेल. परंतु किनाऱ्यावरच्या माणसाच्या ताळेबंदात अंतर हे मोठे कलम आहे. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे आणि अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. तरीही श्रीवर्धन किंवा दिवेआगरच्या रुग्णाला हृदयाच्या वा मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पनवेल अथवा मुंबई गाठावी लागते, आणि त्या वाटेवर गाडीभाडे, सोबत्याचे जेवण, बुडालेली मजुरी व मुंबईतील मुक्काम यांचा खर्च उपचाराइतका होऊन बसतो. अलिबागजवळच्या मांडव्याहून मुंबईच्या गेटवेला जाणाऱ्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात. मार्च 2020 मध्ये तेथून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापर्यंत सुरू झालेल्या रो-रो बोटीने ही अडचण काही अंशी हलकी केली.

इस्राएलमध्ये वसलेल्या बेने इस्राएलांची स्थिती याहून अगदी वेगळी. तेथे 1 जानेवारी 1995 पासून अंमलात आलेल्या राष्ट्रीय आरोग्यविमा कायद्याने प्रत्येक रहिवाशाला क्लालित, मक्काबी, मेऊहेदेत व लेऊमित या चारांपैकी कोणत्याही एका आरोग्यनिधीचे सभासदत्व घेण्याचा हक्क दिला; वर्गणी उत्पन्नाच्या प्रमाणात कापली जाते आणि पूर्वीचा आजार आहे म्हणून निधीला सभासद नाकारता येत नाही. रामले, अश्दोद किंवा दिमोना येथे राहणारी व घरात अजून मराठी बोलणारी वृद्ध स्त्री औषधामागे आपला थोडासा हिस्सा भरते. बाकीचा भार समाज उचलतो. ती नागरिक म्हणून गेली, म्हसळ्याचा कामगार पाहुणा म्हणून गेला. दोघांच्या आजारपणाच्या खर्चातील खरा भेद या एका गोष्टीत सामावलेला आहे.

इतर देशांचा उल्लेख थोडक्यात पुरे. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच भरावयाचा आरोग्य-अधिभार 2015 मध्ये वर्षाला 200 पौंड होता, तो 6 फेब्रुवारी 2024 पासून 1,035 पौंड झाला. तो भरल्यावर मात्र रुग्णालयाचे बिल सहसा येत नाही. अमेरिकेत सारा प्रश्न नियोक्त्याच्या विम्याभोवती फिरतो, आणि मुलाकडे सहा महिने राहावयास गेलेल्या आईवडिलांसाठी प्रवासी विमा घेताना जुन्या आजारांविषयीचे कलम नीट वाचणे अगत्याचे असते. ‘बोटीवर’ असलेल्या नाविकाला भारताने 2015 मध्ये मान्य केलेल्या सागरी श्रम कराराचा आधार आहे. त्यानुसार आजारी नाविकाच्या उपचाराचे दायित्व जहाजमालकावर किमान 16 आठवडे राहते.

या सर्व तुलनेतील सर्वांत दुर्लक्षित प्रकरण परतल्यानंतरचे आहे. आखाताच्या उन्हात वर्षानुवर्षे काम केलेल्या शरीराचे मूतखडे, सांध्यांची झीज, मधुमेह हे विकार नोकरी असेपर्यंत गोळ्यांवर रेटले जातात. व्हिसा रद्द झाला की नियोक्त्याचा विमा संपतो आणि दुखणे तेवढे माणसाबरोबर मायदेशी येते. भारतातील खाजगी आरोग्यविम्यात आधीपासूनच्या आजारांसाठी 36 महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षाकाल लावता येतो (एप्रिल 2024 पूर्वी तो 48 महिन्यांपर्यंत होता), आणि उत्पन्नाचा विचार न करता सर्व नागरिकांना 5 लाखांचे छत्र देणारी आयुष्मान योजना वयाच्या सत्तरीला सुरू होते. साठाव्या वर्षी परतलेल्याच्या आयुष्यातील हा मधला काळच सर्वांत महाग असतो आणि तो कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही. म्हणून ज्याला आखातातून परत यावयाचे आहे त्याने नोकरी चालू असतानाच, परतण्याच्या निदान तीन वर्षे आधी, भारतात स्वतःच्या नावाने आरोग्यविमा उतरवावा, जन आरोग्य योजनेसाठी गावच्या शिधापत्रिकेत आपले नाव असल्याची खातरजमा करून घ्यावी आणि आखातातील रुग्णालयातून आपल्या तपासण्यांचे सर्व कागद निघण्यापूर्वी हस्तगत करावेत.