मौन म्हणजे संमती नव्हे : फर्नाल्डच्या मुलांची गोष्ट

शाळेतल्या मुलांवर संशोधन करायचं तर पालकांना विचारावं लागतं, हे आज आपण गृहीत धरतो. पण ‘विचारणं’ म्हणजे काय? ते समजून घ्यायला आपण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉल्थॅमला जाऊ.

तिथे ‘फर्नाल्ड स्टेट स्कूल’ ही निवासी संस्था होती. मंदबुद्धीचा शिक्का बसलेली मुलं तिथे राहत. त्यांतली काही तर केवळ निराधार म्हणून आलेली. लोह आणि कॅल्शियम शरीरात कसं शोषलं जातं, हे एमआयटीच्या संशोधकांना पाहायचं होतं. क्वेकर ओट्स कंपनीचं त्यांना साहाय्य होतं. 1946 मध्ये 17 जणांना किरणोत्सारी लोह दिलं गेलं; 1950 ते 1953 या काळात 57 जणांना किरणोत्सारी कॅल्शियम. तेही न्याहारीतून! भाग घेणाऱ्या मुलांचा ‘सायन्स क्लब’ केला, त्यांना जादा दूध मिळे, बेसबॉलचा सामना बघायला नेत.

पालकांना पत्रं गेली होती, हे लक्षात घ्या. त्यांत पोषणाचा अभ्यास होता, रक्त तपासणं होतं, दूध होतं. किरणोत्साराचा उल्लेख मात्र नव्हता. शिवाय हरकत कळवली नाही तर संमती आहे असं समजू, अशीही भाषा होती.

1995 मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी नेमलेल्या समितीने निष्कर्ष काढला, की मात्रा अल्प होती, मुलांना इजा झाल्याची शक्यता फारच कमी. मग बिघडलं कुठे? आमच्या मते इथेच खरा तात्त्विक मुद्दा आहे. इजा झाली नाही म्हणून अन्याय झाला नाही, असं होत नाही. ज्या संस्थेवर मूल सोपवलंय, तिलाच ‘नाही’ कसं कळवायचं? आणि ज्याला कधी कोणी फिरायला नेत नाही, त्या मुलाला सामन्याचा मोह कसा आवरणार?

1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेने ज्याच्यावर प्रयोग, त्याचीच संमती मागितली. पण मुलाचं काय? 1983 च्या अमेरिकी नियमांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या : पालकांची परवानगी आणि मुलाचा स्वतःचा होकार. हा भेद महत्त्वाचा. संमती स्वतःपुरतीच देता येते. दुसऱ्यासाठी फक्त परवानगी देता येते.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर 2009 चं खम्मम आठवा. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा अभ्यास चालला होता. वसतिगृहातल्या अनेक मुलींच्या अर्जांवर पालकांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या. 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सातव्या वर्षापासून मुलाचा होकार घ्यायला सांगितलं : बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी.

म्हणून शाळेतून असा कागद घरी आला, तर सही करण्याआधी दोन गोष्टी पाहा. त्यात काय लिहिलेलं नाही? आणि आपल्या मुलाला कोणी विचारलंय का?