आजोबांचे कलम

महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. तिथले यादवी युद्ध संपून आठ वर्षे झाली होती, कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क मिळून तीन. त्या बातमीत फुल्यांना इथल्या शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची वाट दिसली. १८९० साली ते गेले. त्या हक्काचे पुढे काय झाले, ते त्यांना पाहावे लागले नाही.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात विल्मिंग्टन नावाचे बंदर आहे. १८९८ साली ते राज्यातले सर्वांत मोठे शहर होते आणि तिथे कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. नगरपालिकेत गोरे आणि काळे एकत्र बसत. कृष्णवर्णीयांचे स्वतःचे वृत्तपत्र होते, 'डेली रेकॉर्ड'. १० नोव्हेंबरच्या सकाळी आल्फ्रेड वॉडेल या माजी खासदाराच्या मागे सशस्त्र गोरा जमाव निघाला. त्याने वृत्तपत्राची कचेरी जाळली. मग गोळीबार झाला, अनेक कृष्णवर्णीय मारले गेले, बायकामुले दलदलीत जाऊन लपली. महापौर आणि नगरसेवकांचे राजीनामे धाकाने घेतले गेले आणि त्याच दिवशी वॉडेल महापौर झाला. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी सैन्य पाठवले नाही. कुणालाही शिक्षा झाली नाही.

मला मात्र या जाळपोळीपेक्षा पुढची पायरी अधिक भयंकर वाटते. जमाव घरी गेला आणि कायदे करणारे कामाला बसले. १९०० साली राज्याने मतदारासाठी वाचन-लेखनाची परीक्षा आणि मतकर आणला. मग निरक्षर गोऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी सवलत निघाली : १ जानेवारी १८६७ रोजी ज्याला किंवा ज्याच्या पूर्वजाला मताचा हक्क होता, त्याला परीक्षा माफ. त्या दिवशी तिथल्या कृष्णवर्णीयांना मत नव्हतेच! अशा सवलतीला 'आजोबांचे कलम' असे नाव पडले. मी शब्दांत रमणारा माणूस. आजोबा या मायेच्या शब्दाचा एवढा निर्दय वापर मी दुसरा पाहिला नाही.

असेच कलम लुइझियाना राज्याने १८९८ सालीच केले होते. तिथे १८९६ साली नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार होते सुमारे १,३०,०००. १९०४ साली उरले १,३४२. सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली हे कलम घटनाबाह्य ठरवले, पण परीक्षा आणि कर राहिलेच. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना खरा मताधिकार मिळायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. त्यात भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. हे बंधन न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने निष्प्रभ झाले.

६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या संसद भवनात जमाव घुसला. तो हरला, मतमोजणी पहाटेपर्यंत पूर्ण झाली. शेकडो जणांना शिक्षाही झाल्या. २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा सत्तेवर आलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी सुमारे १,५०० जणांना माफी दिली. विल्मिंग्टनमध्ये खटलेच झाले नाहीत, इथे ते झाल्यावर पुसले गेले.

जमाव दिसतो, म्हणून त्याची भीती वाटते. नियमावलीतली एक ओळ दिसत नाही. संख्येने थोड्या असलेल्या समाजात मी वाढलो, तेव्हा मतदानाच्या दिवशी यादीत आधी माझे नाव पाहतो. पण तेवढ्यावर थांबत नाही, शेजाऱ्याचेही शोधतो.