नगरचा किल्ला, एक ग्रंथ आणि पडद्यावरचे फुले

जुन्या मालिकांचा विषय निघाला की विज्ञानकथांचे चाहते प्रथम ‘स्पेस सिटी सिग्मा’ची आठवण काढतात. पण विश्वाच्या उत्पत्तीचा प्रश्न दूरदर्शनवर भागामागून भाग विचारला जाई तो ‘भारत एक खोज’च्या शीर्षकगीतात! नासदीय सूक्ताचा हिंदी अनुवाद वसंत देवांचा, संगीत वनराज भाटियांचे.

१९८८ च्या या ५३ भागांच्या मालिकेचे मूळ अहमदनगरच्या किल्ल्यात आहे. तेथील बंदिवासात, एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या अवघ्या पाच महिन्यांत, नेहरूंनी मूळ ग्रंथ लिहिला.

श्याम बेनेगल यांनी मालिकेत महात्मा फुल्यांची भूमिका दिली ती नगरच्याच सदाशिव अमरापूरकरांना. ‘अर्धसत्य’मधील (१९८३) रामा शेट्टीमुळे प्रेक्षक ज्या चेहऱ्याला धास्तावले होते, त्याच चेहऱ्यावर सत्यशोधकाची पगडी चढली. निवड धाडसाचीच होती.