बसवनगुडीतील केशकर्तनालये आणि सरकारी परवाना

बंगळूरच्या बसवनगुडीत केशकर्तनालय चालवायचे तर दोन सरकारी कागद लागतात: महापालिकेचा व्यवसाय परवाना आणि कामगार खात्याचे नोंदणी प्रमाणपत्र. दोन्ही दुकानाच्या नावाने असतात. वस्तरा धरणाऱ्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला परवाना देणारा कायदा कर्नाटकात नाही आणि महाराष्ट्रातही नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने न्हाव्यांसाठी असा कायदा १८९७ मध्येच केला होता. तिथे सरकारने कारागीर तपासला, इथे सरकार जागा तपासत आले. या फरकाचे मूळ व्यवसायाच्या जुन्या घडणीत आहे.

महाराष्ट्रातील बारा बलुतेदारांप्रमाणे कन्नड मुलखात बारा आयगार होते आणि दोन्हीकडे न्हावी त्यांत होता. वर्षभराच्या कामाचा मोबदला त्याला सुगीला धान्यात मिळे. काम बापाकडून मुलाकडे येई, घरे ठरलेली असत. जन्म हाच परवाना होता, त्यामुळे कौशल्य तपासण्याचा प्रश्न कोणी काढला नाही. राज्यसत्तेचा संबंध येई तो कराच्या निमित्ताने. विजयनगर साम्राज्यात न्हाव्यांवर वेगळा कर होता. सोळाव्या शतकाच्या मध्यात, सदाशिवरायाच्या कारकिर्दीत, बदामीच्या कोंडोज नावाच्या न्हाव्याने प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या अलिय रामरायाची मर्जी संपादन केली आणि न्हाव्यांवरील कर व वेठ माफ करून घेतली. त्या माफीचे शिलालेख कर्नाटकात सापडले आहेत. एका न्हाव्याचे नाव राजाज्ञेसोबत दगडात कोरले जावे, ही या व्यवसायाच्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे. पुढील काळात घरे, दुकाने, माग आणि घाणे यांच्यावर मोहतर्फा हा कर बसत असे. तोही कारागिरीची पारख करणारा नव्हता.

बसवनगुडी ही वस्ती या जुन्या घडणीच्या शेवटच्या पर्वात उभी राहिली. मोठ्या नंदीच्या देवळावरून तिला नाव मिळाले. तिची आखणी १८९० च्या दशकात झाली आणि ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग शिरल्यावर दाट पेठांतील लोकांना मोकळ्या जागी हलवण्यासाठी कामाला वेग आला. सरळ रस्ते, घरांमागून सफाईसाठी ठेवलेल्या गल्ल्या आणि जातवार वाटलेले भूखंड अशी तिची रचना होती. सुरुवातीच्या घरांत न्हावी अंगणात किंवा मागच्या दाराशी येऊन काम करी. घरच्या मुंजीला, सुतकाला आणि विधवेच्या केशवपनालाही त्यालाच बोलावणे जाई. हे शेवटचे काम नाकारण्याचे धैर्य मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० मध्ये दाखवले. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने त्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवणार नाही असा निर्धार केला. या व्यवसायाचा नैतिक नियम सरकारच्या आधी कारागिरांनी स्वतः घातला, तो असा.

बसवनगुडीतील गांधी बाजार आणि आसपासच्या रस्त्यांवर दुकाने झाली तसा नगरपालिकेचा संबंध आला. बंगळूर शहराची नगरपालिका १८६२ ची. म्हैसूर संस्थानाचा शहर नगरपालिका कायदा १९३३ मध्ये झाला, १९४९ मध्ये शहर व छावणी एकत्र करून महापालिका स्थापन झाली आणि १९७६ मध्ये कर्नाटक महापालिका अधिनियम आला. त्याच्या कलम ३५३ नुसार परिशिष्टात दिलेल्या व्यवसायांसाठी कोणतीही जागा परवान्याशिवाय वापरता येत नसे. हे काम आरोग्य विभागाकडे असल्याने पाणी, सांडपाणी, उजेड आणि स्वच्छता हे पाहण्याचे मुद्दे ठरले. २०२५ मध्ये बृहत् बंगळूर महानगरपालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. कार्यालय बदलले, परवाना मात्र जागेचाच राहिला.

प्रत्यक्ष सुरक्षितता मात्र खुर्चीपाशी ठरते. पूर्वी एकच वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजून दिवसभर चाले. पुढे मूठ कायम ठेवून पाते बदलण्याची सोय आली. कारागीर नवे ब्लेड कागदी वेष्टनासकट मधोमध मोडतो, अर्धे मुठीत सरकवतो आणि ते गिऱ्हाइकाला दिसेल असे करतो. दाढी झाली की तुरटी फिरते. १९९० च्या दशकात एड्सविषयीच्या जागृतीनंतर दर माणसाला नवे ब्लेड ही गिऱ्हाइकांची मागणीच झाली. हा नियम निरीक्षकापेक्षा गिऱ्हाइकाच्या नजरेने अधिक पाळला गेला.

दुसरा कागद श्रमाचा. म्हैसूरचा दुकाने व आस्थापना कायदा १९४८ चा, तर सध्याचा कर्नाटक कायदा १९६१ चा. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि एक साप्ताहिक सुट्टी ही त्याची चौकट आहे. सुट्टीचा वार मात्र रूढीने ठरवला. मंगळवारी क्षौर वर्ज्य मानले जात असल्याने बंगळुरात न्हाव्याचे दुकान परंपरेने मंगळवारी बंद असते. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी हा मान सोमवारचा.

तिसरा नियम राज्यघटनेचा आहे आणि तो सर्वांत मोलाचा. दुकानात प्रवेश देताना जातिभेद करण्यास घटनेने बंदी केली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुकान या शब्दाचा व्यापक अर्थ स्पष्ट केला: जिथे मालक येणाऱ्याला आपली सेवा देऊ करतो ती प्रत्येक जागा म्हणजे दुकान. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे गुन्हा ठरवले. जन्मावर उभ्या असलेल्या या व्यवसायात खुर्ची सर्वांसाठी खुली झाली ती या कायद्याने.

ब्युटी पार्लरांनाही तोच व्यवसाय परवाना लागू आहे. सौंदर्यप्रसाधनांवर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे नियंत्रण आहे. केशरोपण मात्र वैद्यकीय काम ठरते, ते पार्लरच्या परवान्यावर करता येत नाही. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आणि कौशल्य विकास योजनांची प्रमाणपत्रे उपलब्ध आहेत, पण ती ऐच्छिक आहेत.

कारागिराच्या नावाचा कागद नसणे किती महागात पडते हे २०२० मध्ये दिसले. कोविडच्या टाळेबंदीमुळे मार्चअखेर दुकाने बंद झाली. ६ मे रोजी कर्नाटक सरकारने सुमारे २ लाख ३० हजार न्हाव्यांना प्रत्येकी ५,००० रुपये जाहीर केले. त्यासाठी सेवा सिंधू संकेतस्थळावर अर्ज करायचा होता आणि आपण हा व्यवसाय करतो याचा दाखला जोडायचा होता. मालकाकडे निदान दुकानाचे कागद होते. दुसऱ्याच्या दुकानात खुर्ची सांभाळणाऱ्याला तो दाखला नव्याने मिळवावा लागला. १९ मे रोजी दुकाने पुन्हा उघडली.

केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत १७ सप्टेंबर २०२३ पासून १८ पारंपरिक व्यवसायांत न्हावीही आहे. नोंदणी झालेल्याला ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. हे ओळखपत्र म्हणजे परवाना नव्हे, त्याच्यावाचूनही दुकान चालते. मात्र त्यावर नाव दुकानाचे नसून कारागिराचे असते.