एकाच कॉम्प्युटरवर दहा लिनक्स सर्व्हर कसे चालतात? व्हर्च्युअल मशीन म्हणजे नेमकं काय?

ऑनलाइन एखादा छोटा सर्व्हर भाड्याने घेतला की थोड्याच वेळात स्क्रीनवर लिनक्सची काळी खिडकी उघडते. दोन जीबी रॅम, थोडीशी डिस्क, स्वतःचा आयपी ॲड्रेस. पण हा सर्व्हर हाताने दाखवायचा म्हटलं तर दाखवता येत नाही, कारण तसा वेगळा डबा बहुतेक वेळा नसतोच. डेटा सेंटरमध्ये एक तगडा कॉम्प्युटर असतो आणि त्याच्या पोटात असे कित्येक सर्व्हर एकाच वेळी चालू असतात. त्यांनाच म्हणतात व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने 1972 मध्येच आपल्या मेनफ्रेमसाठी व्हीएम/370 ही सिस्टिम आणली होती. साध्या पीसीच्या प्रोसेसरवर मात्र हे काम अवघड होतं. 1999 मध्ये व्हीएमवेअरने सॉफ्टवेअरच्या करामतीने ते जमवलं. पुढे इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये त्याची सोय थेट चिपमध्येच करून टाकली.

या सगळ्याचा कारभार बघणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. आतल्या लिनक्सला वाटतं, अख्खी मशीन आपलीच आहे. त्याची साधी कामं थेट खऱ्या प्रोसेसरवर होतात, म्हणून वेग फारसा कमी होत नाही. पण हार्डवेअरला हात लावायची वेळ आली की हायपरवायझर मध्ये पडतो आणि खऱ्या डिस्कऐवजी, नेटवर्क कार्डाऐवजी नकली पुढे करतो.

लिनक्समध्ये ही सोय आधीच असते. तिचं नाव केव्हीएम. इस्रायलच्या क्युमरानेट कंपनीत अवी किविटी यांनी ती लिहायला घेतली आणि फेब्रुवारी 2007 मध्ये आलेल्या 2.6.20 या कर्नलमध्ये ती सामील झाली. गंमत अशी, की बाहेरच्या लिनक्ससाठी आतला अख्खा सर्व्हर म्हणजे फक्त एक चालू प्रोग्रॅम असतो आणि त्याची हार्ड डिस्क ही बहुतेकदा एक मोठी फाइल.

फाइल आहे म्हटल्यावर कॉपी करता येते. अपडेट करण्याआधी स्नॅपशॉट घ्यायचा, काही बिघडलं तर मागे जायचं. सर्व्हर चालवणाऱ्यांना व्हीएम आवडण्याचं मोठं कारण हेच. पण इथेच अनेकांची गल्लत होते. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो सहसा त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की सर्व्हरही गेला आणि स्नॅपशॉटही.

आणि भिंतच फुटली तर?

मे 2015 मध्ये 'व्हेनम' नावाची त्रुटी उघड झाली. केव्हीएम आणि झेनसोबत वापरल्या जाणाऱ्या क्यूइमू या सॉफ्टवेअरमध्ये ती होती, आणि तीही कुठे, तर नकली फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये! फ्लॉपी कोणी वापरत नव्हतं, पण कोड 2004 पासून तसाच पडून होता. एका व्हीएममध्ये रूट अधिकार असलेल्याला तिथून मूळ मशीनपर्यंत, म्हणजे शेजारच्या सर्व्हरपर्यंत पोचणं शक्य होतं.

फेब्रुवारी 2023 मधला प्रकार तर प्रत्यक्ष घडला. 'ईएसएक्सआय-आर्ग्स' या रॅन्समवेअरने फ्रान्ससह अनेक देशांत व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरवायझरवर हल्ला केला. आतले लिनक्स सर्व्हर कितीही अपडेटेड असोत, उपयोग नव्हता. हल्लेखोर त्यांच्या आत गेलेच नाहीत, बाहेरून त्यांच्या फाइल्सनाच कुलूप लावलं. ज्या त्रुटीतून ते शिरल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, तिचा पॅच दोन वर्षांपूर्वीच, फेब्रुवारी 2021 मध्ये आला होता.

पहिल्या लाटेत एक चूक मात्र हल्लेखोरांकडूनही झाली. छोट्या सेटिंग फाइल्स पूर्ण लॉक झाल्या, पण डिस्कच्या मोठ्या फाइल्समधला बराचसा भाग तसाच राहिला. त्यावरून व्हीएम पुन्हा उभी करणारी स्क्रिप्ट अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, 'सिसा'ने, काही दिवसांतच सगळ्यांसाठी खुली केली. त्यानंतर लगेच रॅन्समवेअरची नवी आवृत्ती आली. तिने मोठ्या फाइल्सही सोडल्या नाहीत.