दाखला, हमीपत्र आणि प्रश्न क्रमांक २७

१९४३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या दहा छावण्यांमध्ये एक छापील अर्ज वाटण्यात आला. पश्चिम किनाऱ्यावरून उठवून आणलेल्या जपानी वंशाच्या, सतरा वर्षे व त्यावरील वयाच्या सगळ्यांनी तो भरायचा होता. छावणीबाहेर जाण्याच्या परवानगीसाठीचा अर्ज, असे त्याचे नाव. आणि ज्यांनी अशी परवानगी कधी मागितलीच नव्हती, त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हातीही तो पडल्याने गोंधळ उडाला. त्यातले २७ आणि २८ क्रमांकाचे प्रश्न पुढे इतिहासात गाजले. तरुणांना विचारले होते की, सैन्यात भरती होऊन सांगाल तिथे लढाल का? त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. स्त्रियांच्या अर्जातला २७ वा प्रश्न मात्र वेगळा होता आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. संधी मिळाली आणि तुम्ही पात्र ठरलात, तर आर्मी नर्स कोअरमध्ये किंवा स्त्रियांच्या सहायक सेनादलात स्वेच्छेने जाल का, असा तो प्रश्न.

ज्यांच्यापुढे हा प्रश्न आला त्यांत काही मुली नर्सिंगच्या विद्यार्थिनीच होत्या. वर्षभरापूर्वी त्यांना वॉर्डातून, वसतिगृहातून, अभ्यासक्रमाच्या मधूनच उठवले होते. दुसऱ्या गावच्या नर्सिंग स्कूलमध्ये उरलेले शिक्षण पुरे करता यावे म्हणून त्यांचे अर्ज जात होते आणि नकार येत होते. एकीकडे सरकार विचारते, सैन्यात नर्स व्हाल का. दुसरीकडे नर्सिंग स्कूल म्हणते, आमच्याकडे नर्सिंग शिकायला येऊ नका. या दोन कागदांच्या मधल्या जागेविषयी मला लिहायचे आहे.

माझी सगळी उमेद नर्सिंग शिकवण्यात गेली. दुसऱ्या संस्थेतून मधूनच बदलून येणारी विद्यार्थिनी हे प्रकरण प्रवेशाच्या टेबलावर सर्वांत किचकट असते, हे मी जवळून पाहिले आहे. कला शाखेचा विद्यार्थी गुणपत्रक आणि दाखला घेऊन आला की काम भागते. नर्सिंगमध्ये नुसत्या गुणांनी भागत नाही. किती महिने मेडिकल वॉर्ड, किती सर्जिकल, प्रसूतिगृहात किती, रात्रपाळ्या किती, याचा हिशेब जुळवावा लागतो. आधीच्या संस्थेने पाठवलेला कागद अपुरा असेल तर मुलीने केलेल्या पाळ्या पाण्यात जातात आणि पुन्हा पहिल्यापासून बेड लावायला शिकावे लागते. हे सांगायचे कारण एवढेच की, ‘शिक्षण दुसरीकडे पुरे केले’ असे एका ओळीत लिहिणाऱ्या इतिहासकाराला त्या ओळीची किंमत कळलेली असतेच असे नाही.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. १९ फेब्रुवारी १९४२ ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या हुकुमावर सही केली आणि लष्कराला हव्या त्या प्रदेशातून हव्या त्या माणसांना हलवण्याचा अधिकार मिळाला. हुकुमात जपानी हा शब्द नाही. अंमल मात्र त्यांच्यावरच झाला. सुमारे १,२०,००० माणसे हलवली गेली. त्यांतले जवळपास दोन-तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले, म्हणून जन्माने नागरिक होते. त्यांना निसेई, म्हणजे दुसरी पिढी, म्हणत. त्यांच्या आईवडिलांना नागरिकत्व मागण्याची सोयच कायद्यात नव्हती. ती १९५२ मध्ये झाली.

मार्चच्या अखेरीस संचारबंदी आली. रात्री ८ ते सकाळी ६ घरातच राहायचे. दिवसाही नोकरीचे ठिकाण सोडले तर घरापासून पाच मैलांपलीकडे जायचे नाही. इतर विद्यार्थ्यांना हा जाच होता. नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या तर अभ्यासक्रमाच्याच मुळावर तो उठणारा होता. त्या काळात अमेरिकेतली बहुतेक नर्सिंग स्कूले रुग्णालयांनीच चालवलेली असत. तीन वर्षांचा डिप्लोमा, राहणे नर्सेस होममध्ये, आणि शिक्षण म्हणजे मोठ्या प्रमाणात वॉर्डातली राबणूक. रात्रपाळी ही त्यातली अटळ गोष्ट.

मग घरे रिकामी करण्याचे हुकूम निघाले. हातात मावेल एवढे सामान घेऊन निघायचे. तात्पुरत्या केंद्रांपैकी सँटा अनिता आणि टॅनफोरन ही घोड्यांच्या शर्यतींची मैदाने. तिथल्या तबेल्यांत चुना फासून माणसे ठेवली. तिथून पुढे वाळवंटातल्या, दलदलीच्या भागातल्या दहा छावण्या. किनाऱ्यावरच्या कॉलेजांमध्ये तेव्हा सुमारे अडीच हजार निसेई शिकत होते.

त्यांच्यासाठी काही माणसे धडपडली, हेही सांगितले पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट स्प्राउल यांनी या विद्यार्थ्यांची दुसरीकडे सोय व्हावी म्हणून आवाज उठवला. छावण्यांचा कारभार पाहणाऱ्या वॉर रिलोकेशन ऑथॉरिटीचे पहिले संचालक मिल्टन आयझेनहॉवर (पुढे अध्यक्ष झालेल्या सेनापतींचे धाकटे भाऊ) यांनी मे १९४२ मध्ये क्वेकर पंथाच्या सेवासंस्थेचे क्लॅरेन्स पिकेट यांना गळ घातली, आणि २९ मे रोजी शिकागोत विद्यार्थी पुनर्वसनासाठी एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष जॉन नेसन पुढे त्याचे प्रमुख झाले. सरकारने विनंती केली, पण पैसा दिला नाही. तो चर्चच्या मंडळांकडून आणि देणगीदारांकडून उभा राहिला. १९४६ पर्यंत या मंडळाने चार हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांना सहाशेहून अधिक संस्थांमध्ये पोहोचवले.

उलट उदाहरणही आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या निसेई विद्यार्थ्यांची गुणपत्रकेच द्यायला नकार दिला. गुणपत्रक नाही म्हणजे आधीची वर्षे नाहीत. विद्यापीठाने त्याबद्दल माफी मागून सन्माननीय पदव्या दिल्या त्या २०२२ मध्ये, ऐंशी वर्षांनी. ज्यांना त्या द्यायच्या होत्या त्यांतले बहुतेक तोवर हयात नव्हते.

छावणीतून शिकायला बाहेर पडायचे तर चार गोष्टी लागत. ज्या संस्थेला युद्धखाते आणि नौदल यांची हरकत नाही अशा संस्थेचा प्रवेश. वर्षभराचा खर्च भागेल याचा पुरावा. सुरक्षा यंत्रणांची तपासणी. आणि चौथी, मला सर्वांत चमत्कारिक वाटणारी गोष्ट म्हणजे, त्या गावातल्या एखाद्या सरकारी अधिकाऱ्याचे लेखी निवेदन, की हा विद्यार्थी इथे आला तर गावाची हरकत नाही. विद्यार्थिनीच्या वागणुकीची हमी संस्था मागते, हे आपण जाणतो. इथे गावाच्या वागणुकीची हमी विद्यार्थिनीने मिळवायची होती. लष्करी संशोधन चालणारी मोठी विद्यापीठे निषिद्ध यादीत होती. त्यामुळे बरेच जण लहान गावांतल्या, चर्चशी निगडित कॉलेजांकडे वळले.

आणि खर्चाचा पुरावा आणायचा कुठून? छावणीतल्या कामाचा मोबदला महिन्याला १२, १६ किंवा १९ डॉलर. छावणीच्या रुग्णालयांत हीच अर्धशिक्षित नर्सिंगची पोरे वॉर्ड सांभाळत, नव्या मुलींना मदतनीस म्हणून तयार करत. त्याच वॉर्डात बाहेरून नेमलेल्या गोऱ्या नर्सला सरकारी श्रेणीचा, कितीतरी पट पगार मिळे. १९ डॉलर हा कमाल आकडा जपानी वंशाच्या डॉक्टरांसाठीही तोच होता. घरदार, दुकान, शेती मातीमोल भावाने विकून आलेल्या आईवडिलांकडे फीसाठी उरलेले काय असणार!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मंडळाने इतिहास, रसायनशास्त्र, धर्मशास्त्र शिकणाऱ्यांसाठी दारे बऱ्यापैकी लवकर उघडून घेतली. नर्सिंगची दारे घट्ट राहिली. अभ्यासकांनी नोंदवलेली कारणे वाचताना मला तरी आश्चर्य वाटले नाही: रुग्ण हरकत घेतील, डॉक्टरांना चालणार नाही, गावात बोभाटा होईल. कॉलेजच्या वर्गात एखादी मुलगी मागच्या बाकावर बसून वर्ष काढू शकते. वॉर्डात मागचा बाक नसतो. तिला रुग्णाच्या उशाशी उभे राहायचे आहे, त्याला स्पंज द्यायचा आहे, त्याची नाडी बघायची आहे. युद्धावर मुलगा गेलेल्या बाईच्या कपाळावर हात ठेवायचा आहे, आणि तो हात, तो चेहरा शत्रूसारखा दिसतो. प्रवेश देणाऱ्या मेट्रनला मुलीचे गुण तपासायचे नव्हतेच. आपल्या रुग्णांची सहनशक्ती तपासायची होती. ती तपासण्याचे धाडस करण्यापेक्षा नकाराचे पत्र टाइप करणे सोपे होते. कृष्णवर्णीय नर्सेसना हा अनुभव नवा नव्हता. १९४१ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांच्यासाठी ५६ जागांची मर्यादा घातली होती.

मग बदल कशाने झाला? टंचाईने. प्रशिक्षित नर्सेस सैन्यात गेल्या, देशातली रुग्णालये ओस पडू लागली. ओहायोच्या प्रतिनिधी फ्रान्सिस बोल्टन यांनी मांडलेला कायदा जून १९४३ मध्ये मंजूर झाला आणि कॅडेट नर्स कोअर उभे राहिले. फी, पुस्तके, गणवेश सरकारी खर्चाने. वर विद्यावेतन, सुरुवातीचे नऊ महिने दरमहा १५ डॉलर, पुढे २०, शेवटच्या टप्प्यात किमान ३०. छत्तीस महिन्यांचा अभ्यासक्रम तीस महिन्यांत आटोपायचा आणि युद्ध संपेपर्यंत कुठल्या ना कुठल्या आवश्यक नर्सिंगसेवेत राहायचे. वंश, धर्म, वर्ण यांवरून भेद करू नये, असे कलम या कायद्यात होते. छावणीतल्या मुलीला वर्षाच्या खर्चाचा जो पुरावा देता येत नव्हता, तो प्रश्न या कायद्याने एका फटक्यात सोडवला. आणि सरकारी पैसा घेणाऱ्या नर्सिंग स्कूलला ‘आमचे रुग्ण हरकत घेतील’ असे कागदावर लिहिणे थोडे अवघड झाले.

जुलै १९४४ पर्यंत तीनशेवर निसेई मुली २४ राज्यांतल्या शंभरहून अधिक नर्सिंग अभ्यासक्रमांत दाखल झाल्या होत्या. युद्ध संपेपर्यंत साडेतीनशेहून अधिक जणी कॅडेट कोअरमध्ये आल्या. तिथे एक लाख चोवीस हजारांवर मुलींनी शिक्षण पुरे केले, त्या मानाने हा आकडा लहानच. थेल्मा रॉबिन्सन या स्वतः कॅडेट नर्स होत्या. त्यांनी या निसेई मुलींवर २००५ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले, नाहीतर या साडेतीनशे जणी त्या लाखाच्या आकड्यात बुडून गेल्या असत्या.

तीनशे मुली आणि शंभर संस्था, म्हणजे सरासरीने एका ठिकाणी तिघी. हे बऱ्याच अंशी ठरवूनच होते. घोळक्याने राहू नका, आपसात जपानी बोलू नका, तुमच्यावरून सगळ्यांची परीक्षा होणार आहे, असे विद्यार्थ्यांना बजावले जाई. मंडळाच्या लोकांना त्यात वावगे वाटत नव्हते. त्यांच्या दृष्टीने हे विद्यार्थी सदिच्छादूत होते. मला मात्र ही अपेक्षा जाचक वाटते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची कुठलीही मुलगी घरच्या आठवणीने रडते, एखादे बेडपॅन सांडते, औषधाच्या वेळेला धांदरटपणा करते. तिचा तो हक्कच आहे. या मुलींना तो नव्हता. ट्रे पडला तर तो एका मुलीच्या हातून पडणार नव्हता, अख्ख्या समाजाच्या हातून पडणार होता. आणि ज्या घराची आठवण यायची ते घर काटेरी तारेआड, सुटीत जायचे ते पहारेकऱ्याला पास दाखवून.

तरी इतिहासकार व्हॅलेरी मात्सुमोतो यांनी मिनिआपोलिसच्या अॅस्बरी हॉस्पिटलमधल्या अशाच एका विद्यार्थिनीचे पत्र नोंदवले आहे. काम फार जड नाही, मला आवडते आहे, रुग्ण चांगले आहेत, अशा आशयाचे. मला ते पत्र खरे वाटते. वॉर्डात आठ दिवस गेले की रुग्णाला हात कोणाचा यापेक्षा हात हलका आहे की नाही याचे जास्त पडलेले असते. ज्या हरकतीच्या भीतीने मेट्रनबाई पत्रे नाकारत होत्या, ती पुष्कळदा रुग्णाच्या नव्हे, त्यांच्याच मनातली असावी, असे माझे मत आहे. अर्थात सगळीकडे असेच घडले असेल असे नाही.

ग्रेस ओबाता अमेमिया यांचे नाव सार्वजनिक नोंदीत आहे म्हणून घेतो. त्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नर्सिंग शिकत होत्या. टरलॉकचे तात्पुरते केंद्र, मग अॅरिझोनातली गिला रिव्हर छावणी, तिथल्या रुग्णालयात काम, आणि पुढे मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरच्या सेंट मेरीज नर्सिंग स्कूलमध्ये प्रवेश. कॅडेट कोअरचा गणवेश चढवून त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. प्रश्न क्रमांक २७ चे उत्तर म्हणून याहून वेगळे काय हवे होते, कोण जाणे.

पश्चिम किनारा जानेवारी १९४५ मध्ये पुन्हा खुला झाला. १९८८ च्या कायद्याने सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊ केले. विद्यापीठांना आणखी वेळ लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठात सन्माननीय पदव्या देणे बंद होते. १९४२ मध्ये शिक्षण सोडावे लागलेल्या सुमारे ७०० विद्यार्थ्यांसाठी २००९ मध्ये तो नियम बाजूला ठेवण्यात आला. त्या वर्षीच्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या वैद्यकीय संकुलात वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण आणि नर्सिंगच्या जुन्या विद्यार्थ्यांना पदव्या मिळाल्या. विद्येच्या उपवनात न्यायाची पुन्हा स्थापना व्हावी, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य त्या पदवीपत्रावर छापले होते. अमेमिया तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. नर्स होऊन त्यांना साठ वर्षे उलटून गेली होती.